इंग्लंडमध्ये प्रायव्हेट हायरचा बिल्ला काढताना

माझे बाबा मिरज आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. ड्युटीवरून आले की खाकी शर्टावरचा बिल्ला काढून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवायचे, आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. पाच वर्षांपूर्वी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या आमच्या शहराच्या कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, मला प्रायव्हेट हायर ड्रायव्हरचा, म्हणजे बुकिंगवर चालणाऱ्या टॅक्सीचा, बॅज दिला, तेव्हा त्याचा फोटो सगळ्यात आधी मिरजेला भावाला पाठवला. तेव्हापासून दर गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, हे लायसन्स कसं काढायचं?" प्रसादाच्या रांगेत उभ्या उभ्या सांगते, पण निम्मं राहून जातं. म्हणून आता सवडीनं लिहायला बसले आहे.

मी सांगते आहे ते लंडन सोडून उरलेल्या इंग्लंडबद्दल. लंडनमध्ये हे काम ट्रान्सपोर्ट फॉर लंडन बघतं, स्कॉटलंडचा कायदा वेगळा. आपल्याकडे बॅज, परमिट सगळं आरटीओकडे असतं. इथे गाडी चालवायचं साधं लायसन्स डीव्हीएलए हे सरकारी खातं देतं, पण भाडं घेऊन माणसं नेण्याची परवानगी स्थानिक कौन्सिल देते, १९७६ च्या कायद्याखाली. कायदा एक असला तरी फी, परीक्षा, फॉर्म, गाडीचे नियम प्रत्येक कौन्सिलचे आपापले. शेजारच्या गावातल्या मित्रानं काय केलं ते ऐकून खर्च करू नका. आपल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर टॅक्सी लायसन्सिंग पॉलिसी नावाचं मोठं कागदपत्र असतं, ते चहा घेऊन बसून पूर्ण वाचा. मला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्यातली एकही वाया गेली नाही.

एक फरक आधीच मनात पक्का करा. रस्त्यात हात केला की थांबते, स्टँडवर उभी राहते, ती हॅकनी कॅरेज. तिचा मूळ कायदा १८४७ चा. प्रायव्हेट हायरला तसं कुणालाही उचलता येत नाही. आधी लायसन्सवाल्या ऑपरेटरकडे, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या टॅक्सी कंपनीकडे, बुकिंग व्हायला हवं, मगच प्रवासी गाडीत बसणार. पावसात भिजत उभ्या असलेल्या बाईनं काचेवर टकटक केली तरी तिला बुकिंग करायला सांगावं लागतं. बुकिंगशिवाय बसवलं तर गुन्हा होतो, आणि वर त्या फेरीला विमा लागू राहत नाही. हॅकनीच्या परीक्षेत गल्ल्या, चौक, इस्पितळं तोंडपाठ लागतात. प्रायव्हेट हायरची परीक्षा त्यामानानं हलकी असते. मी प्रायव्हेट हायरचंच सांगते, कारण आपल्यातले बहुतेक जण त्यातच येतात.

पहिला प्रश्न व्हिसाचा

दोन वर्षांपूर्वी नाशिकचा एक पोरगा माझ्याकडे आला. इथे मास्टर्स करत होता. "काकू, संध्याकाळी दोन-तीन तास टॅक्सी चालवली तर भाडं तरी सुटेल," म्हणाला. त्याला नाही म्हणताना मला वाईट वाटलं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी आहे, आणि इथले प्रायव्हेट हायर ड्रायव्हर जवळजवळ सगळे स्वयंरोजगारातच मोडतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करणाऱ्यालाही जोडधंदा म्हणून हे करता येत नाही. माझ्यासारखी जी नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट पार्टनर म्हणून आली, तिला मात्र चालतं. डिसेंबर २०१६ पासून कौन्सिलला प्रत्येक अर्जदाराचा काम करायचा हक्क तपासावाच लागतो. त्यासाठी शेअर कोड, म्हणजे आपला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून सरकारी साइटवरून मिळणारा कोड, द्यावा लागतो. व्हिसा दोन वर्षांचा उरला असेल तर लायसन्सही तेवढंच मिळतं. एरवी ते तीन वर्षांचं असतं. फी भरण्याआधी हा हिशेब करा.

दुसरी अट गाडीच्या लायसन्सची. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण टॅक्सीसाठी ते धरत नाहीत. इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल पास होऊन पूर्ण लायसन्स हातात आल्यापासून कमीत कमी बारा महिने व्हायला हवेत. काही कौन्सिली दोन किंवा तीन वर्षं मागतात. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी मोजणी इथूनच सुरू होते. म्हणून सांगते, पुढेमागे हे काम करायचा विचार नुसता मनात आला असेल तरी टेस्ट आजच बुक करा.

मिरजेचा पत्ता आणि माझी दोन नावं

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. वयाच्या अठरानंतर सलग तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ ज्या ज्या देशात राहिलात, तिथला पोलिसांचा दाखला कौन्सिल मागते. आपल्याकडे त्याला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणतात. इथे राहून तो भारतीय हायकमिशनकडून, व्हीएफएसच्या केंद्रातून काढता येतो. माझ्या पासपोर्टवर माहेरचा मिरजेचा पत्ता होता. चौकशी तिथल्या ठाण्यात गेली आणि हवालदार घरी आले तेव्हा आई घाबरली. "काय केलंस गं तिकडं?" म्हणून रात्री फोन. तेव्हा घरच्यांना आधी कळवून ठेवा, आणि पासपोर्टवरच्या पत्त्यावर तुम्हाला ओळखणारं कुणीतरी आहे ना तेही बघा. मधे दोन वर्षं मस्कतला किंवा दुबईला नोकरी झाली असेल तर तिथलाही दाखला लागतो. तो मिळायला आणखी वेळ जातो, म्हणून सगळ्यात आधी हेच काम हातात घ्या.

दाखला आला तर त्यावरचं नाव आणि माझ्या बाकीच्या कागदांवरचं नाव जुळेना. आपल्या बायकांचं हे खास दुखणं आहे. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं, आणि कित्येकींचं तांदळात लिहून पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, इथल्या बँकेत तिसरंच. डीबीएसच्या फॉर्ममध्ये, म्हणजे इथल्या गुन्हे नोंदीच्या तपासणीत, आजवर वापरलेली सगळी नावं आणि गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते तारखांसकट विचारतात. मी माहेरचं नाव लिहिलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, वीस वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. अर्ज परत आला, साडेतीन आठवडे गेले. तुम्ही एका कागदावर आपली सगळी नावं, कधीपासून कधीपर्यंत, लिहून काढा आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर लागतं.

टॅक्सीसाठी डीबीएस एन्हान्स्ड लागते, आणि मुलं व दुबळ्या प्रौढांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या दोन्ही याद्यांशी ती ताडून बघतात. डिसेंबर २०२४ पासून तिची सरकारी फी ४९ पौंड ५० पेन्स आहे. तपासणी करून देणारी संस्था वर आपले पैसे घेते ते वेगळे. सर्टिफिकेट निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट ताजं ठेवणाऱ्या ऑनलाइन नोंदीत, नाव घाला, वर्षाला १६ पौंड. कौन्सिल दर सहा महिन्यांनी तुमची नोंद तपासते. अपडेट सर्व्हिस नसली तर पुन्हा नवा फॉर्म आणि नवी फी. बँकेच्या कार्डाची मुदत संपून हे पैसे कापले गेले नाहीत म्हणून अडकलेले दोन ड्रायव्हर मला माहीत आहेत. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

डॉक्टरी तपासणी ट्रक आणि बस चालवणाऱ्यांच्या पातळीची असते, तिला ग्रुप टू म्हणतात. ती आपल्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, किंवा आपल्या आरोग्याच्या नोंदी बघू शकणाऱ्या डॉक्टरकडे करायची. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, हे फुकट करत नाही. शुगरच्या गोळ्या चालू असल्या म्हणून घाबरू नका, तेवढ्यानं कुणी अडवत नाही. इन्शुलिन असेल तर मात्र अटी कडक आहेत. चष्मा असेल तर आधी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घ्या. चांगल्या डोळ्याला ६/७.५ दिसायला हवं. झोपेत खूप घोरण्याचा आणि दिवसा डुलकी लागण्याचा त्रास असेल तर तो डॉक्टरला सांगाच. रात्री दोनला मोटरवेवर तुमच्या मागच्या सीटवर कुणाची तरी मुलगी झोपलेली असते.

फॉर्मवर खरं लिहा

कायद्यात शब्द आहेत 'फिट अँड प्रॉपर'. म्हणजे हा माणूस या कामाला लायक आणि भरवशाचा आहे, याची कौन्सिलला खात्री पटली पाहिजे. ती पटवायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. फॉर्मवर विचारतात, आजवर कधी शिक्षा, पोलिसांची ताकीद, दंड, लायसन्सवर दंडाचे पॉइंट? इथे इतर नोकऱ्यांत काही वर्षांनी जुनी शिक्षा सांगावी लागत नाही. टॅक्सी ड्रायव्हरला ती सवलत नाही, मुदत संपलेल्या शिक्षाही सांगायच्या असतात.

इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर छत्तीसनं गेल्याबद्दल तीन पॉइंट आणि शंभर पौंड दंड झाला होता. अर्ज करेपर्यंत पॉइंट लायसन्सवरून गेले होते. नवरा म्हणाला, "आता दिसत नाहीत, तर कशाला लिहितेस?" मी लिहिलं. तारीख, रस्ता, वेग, आणि दोन ओळींत काय झालं ते. लायसन्सिंग ऑफिसरनं त्यावर दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या पानावर गेला.

माझ्याच बॅचच्या एका माणसाला शेजाऱ्याशी झालेल्या झटापटीबद्दल पोलिसांची ताकीद मिळाली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. त्यानं त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. डीबीएसमध्ये ते आलं. मग नगरसेवकांच्या लायसन्सिंग सब-कमिटीपुढे बोलावणं. समितीनं झटापटीबद्दल थोडंच विचारलं. 'नाही' का लिहिलं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं, आणि अर्ज नामंजूर केला. तो माणूस वाईट नव्हता. दोन लेकरांचा बाप, कामाची निकड होती, घाबरून लिहिलं असणार. पण नकाराची नोंद आता सगळ्या कौन्सिलींना दिसेल अशा राष्ट्रीय नोंदवहीत जाते. २०२२ च्या कायद्यानं ती सक्तीची केली आणि नोंद अकरा वर्षं राहते. शेजारच्या कौन्सिलकडे जाऊन नवा अर्ज केला तरी ती तिथे उघडते. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

काही गोष्टींना ठरावीक काळ थांबावंच लागतं. २०२० मध्ये सरकारनं कौन्सिलींना जे मानक घालून दिलं, त्यात दारू पिऊन गाडी चालवल्यास सात वर्षं, हातात फोन धरून चालवल्याच्या शिक्षेनंतर पाच वर्षं, फसवणुकीसाठी सात, मारहाणीसाठी दहा असं लिहिलं आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं बघतात, तरी सुरुवात या आकड्यांपासून होते. नामंजुरी अन्यायाची वाटली तर २१ दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. हे दिवस रडण्यात घालवू नका, पत्र आलं त्याच दिवशी वकिलाला फोन करा.

सेफगार्डिंगचा दिवस

सेफगार्डिंग म्हणजे मुलांना आणि दुबळ्या प्रवाशांना शोषणापासून जपण्याचं प्रशिक्षण. बऱ्याच जणांना ते म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाल्यासारखं वाटतं. मी त्या वर्गात बसले तेव्हा मला कळलं की ही कौन्सिल माझ्या माहेरच्या पत्त्यापर्यंत का पोचते. रॉदरहॅम नावाच्या शहरात १९९७ ते २०१३ या काळात कमीत कमी १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा अंदाज अ‍ॅलेक्सिस जे यांच्या २०१४ च्या अहवालात आहे. मुलींना इकडून तिकडे नेण्यात टॅक्सीवाल्यांचा हात ठळकपणे पुढे आला. लायसन्स देणाऱ्यांनी डोळे मिटले होते, त्याची किंमत त्या मुलींनी मोजली. आज कौन्सिल जे खोदून खोदून विचारते त्याच्यामागे हे आहे. मला दोन मुली आहेत. त्यानंतर एकाही प्रश्नाचा मला राग आला नाही.

वर्गात शिकवतात ते ध्यानात ठेवायचं. पंधरा वर्षांचं पोर शाळेच्या वेळेत एकटंच लांबच्या गावाला चाललंय, भाडं दुसऱ्यानंच भरलंय, हातात दोन फोन, उतरायचं ठिकाण मधेच बदलतंय, तर ते पोर कुणीतरी अमली पदार्थ पोचवायला वापरत असू शकतं. मोठ्या माणसासोबत हॉटेलकडे निघालेली, गप्प बसलेली मुलगी. अशा वेळी आपण चौकशी आयोग व्हायचं नाही. नंबर, वेळ, पत्ता लक्षात ठेवून पोलिसांच्या १०१ नंबरला कळवायचं. जिवाचा प्रश्न असेल तर ९९९. मी एकदा कळवलं आहे. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नव्हते, तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा कळवीन.

त्याच दिवशी अपंग प्रवाशांचं शिकवतात. व्हीलचेअर घडी घालून ठेवणं, हात देऊन बसवणं हे कामाचाच भाग, त्याचे जास्त पैसे घेता येत नाहीत. अंध माणसाचा कुत्रा नाकारला तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्यातल्या काहींना गाडीत कुत्रा नको वाटतो, देवाची तसबीर असते म्हणून. तसबीर राहू द्या, कुत्राही बसू द्या. अ‍ॅलर्जी किंवा तसं आजारपण असेल तरच डॉक्टरच्या कागदावर कौन्सिल सूट देते.

गाडी सगळ्यात शेवटी

गाडी आधी घेऊ नका. एकानं हौसेनं डिझेल गाडी घेतली आणि नंतर कळलं की त्या कौन्सिलच्या वयाच्या आणि धुराच्या नियमात ती बसत नाही. पॉलिसीत गाडीचं कमाल वय, काचांचा रंग, सीटची मापं सगळं असतं. ऑपरेटरशी आधी बोला, कारण ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर तिघांची लायसन्सं एकाच कौन्सिलची लागतात. तुमचा बॅज एका कौन्सिलचा आणि ऑपरेटर दुसऱ्या कौन्सिलचा, तर त्याची बुकिंगं तुम्हाला घेता येत नाहीत. विमा 'हायर अँड रिवॉर्ड'चा, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेण्याचा, हवा. साध्या विम्याच्या कित्येक पट पडतो, त्याची चौकशी गाडी बघण्याआधीच करा.

आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. गाडीवर कौन्सिलची प्लेट लागली की ती चोवीस तास प्रायव्हेट हायरच असते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बॅज नसलेल्यानं ती चालवायची नाही. माझा नवरा माझ्या गाडीतून कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाही. आमच्याकडे दुसरी जुनी गाडी आहे ती त्याच्यासाठी.

मला सगळं मिळून पाच महिने लागले. बॅज मिळाल्यावर एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, स्वयंरोजगाराची नोंद करा. कर वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. एप्रिल २०२२ पासून लायसन्सच्या नूतनीकरणाला टॅक्स चेकचा, म्हणजे कराची नोंद तपासल्याचा, नऊ अक्षरांचा कोड लागतो. मी २०२४ मध्ये नूतनीकरण केलं तेव्हा तो दहा मिनिटांत मिळाला, कारण हिशेबाची वही दर रविवारी लिहीत होते. बॅज असताना चोरी-फसवणूक, मारामारी, लैंगिक गुन्हा यांपैकी कशावरून अटक किंवा आरोप झाला, किंवा वाहतुकीचा गुन्हा लागला, तर ४८ तासांत कौन्सिलला कळवायचं असतं. पॉइंट मिळाले तरीही.

मी आता मुख्यतः स्कूल रन करते. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत नेण्याआणण्याचं कंत्राट कौन्सिल ऑपरेटरांना देते, आणि गाडीत मुलाजवळ बसायला एक सहायिका असते. घरी मुलं असलेल्या बायकांना या वेळा सोयीच्या पडतात. पहिल्या दिवशी मी एका सात वर्षांच्या मुलाच्या दारात उभी राहिले. त्याला बोलता येत नाही. त्याच्या आईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही, नजर थेट माझ्या बॅजवर. मी पट्टा गळ्यातून काढून तिच्या हातात दिला. तिनं फोटो आणि चेहरा ताडून बघितला, मुदतीची तारीख वाचली, नंबर फ्रिजवरच्या कागदावर लिहून घेतला. ती चार-पाच मिनिटं मी पायरीवर थांबले. मग तिनं बॅज परत दिला आणि मुलाचा हात माझ्या हातात दिला.